दर्भाचा बाप

उभा जन्म एसटीत कंडक्टर म्हणून गेला, त्यामुळं माझं तोंड फटकळ आणि गळा मोठा. लातूर-नांदेड हा माझा रूट. अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठायचं आणि त्याच गाडीनं माघारी यायचं. दिवसभर पाशिंजरांवर ओरडून घरी आलो तरी आवाज खाली यायचा नाही. बायको म्हणायची, "घर हाय हे, गाडी न्हाई. हळू बोला जरा." असल्या माणसाच्या घरी एक पोरगी सांभाळायला आली. तिच्यापायी मी ज्या ज्या ऑफिसांचे उंबरे झिजवले, तिथं हा मोठा गळा कवडीच्या कामाला आला नाही.

पोरगी बायकोच्या चुलत बहिणीची. निलंग्याकडचं त्यांचं गाव भूकंपात बसलं. आई आणि पाळण्यातला भाऊ आत भिंतीखाली गेले. ही तेव्हा चारेक वर्षांची. बापाजवळ अंगणात बाजेवर झोपली होती, म्हणून ही दोघं वाचली. बापानं बायको-लेकराला हातानं उकरून काढलं. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये हिला आणि म्हाताऱ्या आईला घेऊन काही महिने राहिला. कुणाशी बोलायचा नाही. भाकरी पुढ्यात ठेवली की खायचा, नाही ठेवली की मागायचा नाही. एका बाजारच्या दिवशी पोरीला "आलो गं" म्हणाला आणि निलंग्याला म्हणून गेला तो गेलाच.

आजीनं पोरीला वाढवलं. नवं गाव उठलं, सरकारनं पक्की घरं दिली. बापाच्या नावचं घर यांना मिळालं आणि त्यात चुलताही बायकापोरांसह राहायला आला. पोरगी दहावीला असताना आजी गेली. तरी पोरीनं मार्क चांगले पाडले. निकालाचे पेढे वाटायच्या आधी चुलत्यानं स्थळ बघितलं.

बायकोला हे कळलं तशी ती रडारड न करता पिशवी घेऊन गावाला गेली आणि पोरीला घेऊनच आली. चुलता माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्यालाही दोन पोरी होत्या. तो मला म्हणाला, "पाव्हणं, तुम्ही पोसणार असाल तर खुशाल न्या. पर लातूरच्या शिकवण्या आमच्यानं हुणार न्हाईत. न्हाई जमलं तर दिवाळीला आणून सोडा. पोराकडचे थांबतो म्हणलेत."

पोरीनं मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "काका, मला डॉक्टरच व्हायचंय असं काई न्हाई. पर सायन्स घ्यायचंय. अन् तिकडं माघारी न्हाई जायचं."

म्हणलं, "बघू की. लातुरात काय कमी हाय?"

लातुरात कमी काहीच नव्हतं, पैसा मोजला तर. त्या वर्षांत गावोगावची पोरं एसटीनं ट्रंका घेऊन उतरायची. गल्लीबोळात फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीच्या पाट्या. मागच्या वर्षी नंबर आलेल्या पोरांचे फोटो चौकात पुढाऱ्यांच्या फोटोंपेक्षा मोठे. आमच्या शेजाऱ्यानं म्हशी विकून गोठ्यात चार खाटा टाकल्या आणि त्या खोलीचं भाडं खाऊ लागला. ज्याच्या घरात दहावी झालेलं पोर, त्यानं काय काय विकलं याच्या गोष्टी मी रोज गाडीत ऐकायचो. माझ्याकडं विकायला एक सायकल आणि एक तिकिटांची पेटी, पेटी पण महामंडळाची.

मग डेपोतल्या एकानं सांगितलं, अनाथ लेकरू सांभाळणाऱ्या घराला सरकार दर महिन्याला मदत देतं. तात्पुरतं पालक म्हणून नाव लागतं. तो कागद दाखवला की कॉलेजची फी माफ होते, आणि शिकवणीवाले सर बी अर्ध्यावर येतात. मी खूश. दुसऱ्याच दिवशी ड्युटी बदलून घेतली आणि पोरीला घेऊन त्या ऑफिसात गेलो. टेबलावरच्या साहेबाला मोठ्यानं सांगितलं, "भूकंपातली अनाथ मुलगी हाय साहेब. मी सांभाळून राहिलो."

"आईचा मृत्यू दाखला?"

"हाय."

"वडिलांचा?"

"त्यो निघून गेलाय. मेलाच असंल की आता."

"असंल चालत नाही. दाखला आणा."

पोरगी माझ्याजवळच उभी होती. ती एवढंच म्हणाली, "मेले न्हाईत ते." साहेबानं मान वर केली नाही. सोमवारी या म्हणाला.

सोमवार किती गेले ते मोजत बसत नाही. सरकारी काम अन् सहा महिने थांब, ही म्हण ज्यानं काढली तो नशीबवान, त्याला मुदत तरी कळली. गच्च भरलेल्या गाडीतून मी पाशिंजरांना सांगायचो, "मागून रिकामी गाडी येऊन राहिली, तिच्यात बसा." तसंच हे मला सोमवारी या म्हणायचे. मागून रिकामी गाडी येत नसते हे माझ्याइतकं कुणाला मालूम असणार? तरी जात होतो.

बापाचं असं होतं की तो मेल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं. उलट गावातला एकजण बियाणं आणायला नांदेडला गेला होता, त्यानं गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पंगतीत त्याच्यासारखा माणूस पाहिला होता म्हणे. हे सहा-सात वर्षांपूर्वीचं. पोरीनं ते गाठीला बांधून ठेवलं होतं. माझा रूट नांदेडचा कळल्यावर तिचा चेहरा असा फुलला की मी एका रविवारी तिला गाडीत घालून नेलं.

लंगरात जाऊन आम्ही दारापाशी उभे राहिलो. शेकडो माणसं जेवत होती. मी विचारलं, "तोंड ओळखशील का?"

"तोंड आठवत न्हाई काका. फोटो बी दबला. उंच होते एवढं आठवतंय. शेडच्या दाराला डोकं लागायचं."

ती पंगतीतली उंच माणसं शोधू लागली. बसलेल्या माणसाची उंची कशी कळणार? म्हणून एकेकजण उठेस्तोवर ती थांबायची. एक लांबडा म्हातारा उठला तशी ही त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. तो तेलुगूत काहीतरी बोलला. देगलूरच्याही पलीकडचा होता. त्यानं हिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ताट धुवायला गेला. माघारी येताना लोहा येईपर्यंत ती खिडकीतून रस्त्यानं चालणारी माणसं बघत होती. मग म्हणाली, "पुढल्या बारीला सकाळच्याला येऊ. सकाळी गर्दी कमी असंल."

पुढची बारी काही आली नाही, कारण कागद मागून देतो या बोलीवर हिला घेतलेल्या कॉलेजनं मुदत घातली. शिकवणीच्या सरांनी तर वर्गातून उठवलं. तोंडानं चांगलंच बोलले, "बाळ, कागद आला की ये, जागा ठेवतो." पण उठवलं. ती दप्तर घेऊन भर दुपारी घरी आली. तेव्हा बायकोच्या तोंडून निघून गेलं, "आई जेवू घालीना अन् बाप भीक मागू देईना, तसली गत झाली बघा." म्हणीत बोलून गेली बिचारी. मग पोरगी मोरीपाशी पाय धूत उभी आहे हे दिसलं आणि पदर तोंडात कोंबून आत गेली.

मार्ग चुलत्यानं काढला. आमच्याकडं चाल आहे. माणूस बारा वर्षं बेपत्ता राहिला की त्याचा दर्भाचा पुतळा करून जाळतात, दिवस घालतात आणि तो मेला असं धरतात. त्याशिवाय घरातलं पुढचं कार्य होत नाही. चुलत्याच्या मनात हे आधीपासून होतं. त्याच्या थोरलीचं लग्न व्हायचं होतं, शिवाय ते घर भावाच्या नावावरून स्वतःच्या नावावर करायचं होतं. त्याच्या पोटात एक आणि ओठावर एक होतं असं नाही, दोन्ही ओठावरच होतं. तो म्हणाला, "बारा वर्षं भरत आलीत. दिवस घालू. गाव साक्षीला राहील, पंच सह्या करतील. तुम्हाला दाखला हुईल, माझं बी काम हुईल."

मी ग्रामसेवकाला गाठून विचारलं. तो मोटरसायकलवर बसूनच म्हणाला, "गावानं दिवस घातले म्हणल्यावर काय राहिलं? पंचांच्या सह्या आणा, करू नोंदीचं." मला तेवढं बस झालं.

फक्त एक अडचण होती. पोटचं लेकरू जितं असताना अग्नी त्यानंच द्यायचा, दुसऱ्याच्या हातून चालायचं नाही, असं भावकी म्हणाली.

पोरीला सांगितलं तर ती उठून गच्चीवर गेली. दोन दिवस जेवली नाही धड. मी चिडलो. खोटं कशाला बोलू, लई ओरडलो. "अगं, जो बारा वर्षांत तुझ्याकडं फिरकला न्हाई, त्याच्यापायी तू उद्या चुलीपुढं बसणार का?" ती म्हणाली, "फिरकले न्हाईत म्हून मारून टाकू का?" बायकोनं मला बाहेर काढलं.

त्यानंतर मी विषय काढला नाही. एक दिवस कॉलेजातून आली, बूट काढता काढता म्हणाली, "काका, कधी जायचं ते सांगा. करते मी." तिला काय झालं, कोण काय बोललं, काही सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही. माझं काम होत होतं ना!

अमावास्येला तेरणेच्या काठी सगळे जमलो. निलंग्याहून भटजी आले. पळसाच्या काड्या, दर्भ, डोक्याच्या जागी नारळ, वरून कणकेचा लेप. चुलत्यानं नवं धोतर आणलं होतं, ते नेसवलं. पोरगी बघत होती.

"एवढे बुटके नव्हते," ती म्हणाली.

चुलता म्हणाला, "पुतळा हाय बाई त्यो. मापाचा थोडाच असतोय?"

"लांब करा."

भटजींनी माझ्याकडं पाहिलं. मी पाहिलं चुलत्याकडं. चुलता उठला, काठावरचं लव्हाळं कापून आणलं. भटजींनी पायाकडून जोड दिला. ती म्हणाली, आणखी. आणखी जोड दिला. धोतर पुरेना, गुडघ्यावर आलं. तशी ती पुढं झाली, वाकून दोन्ही हातांनी धोतर खाली ओढलं आणि म्हणाली, "हां. आता ऱ्हाऊ द्या." चुलत्याच्या डोळ्यातून पाणी चाललं होतं. भाऊ होता त्याचा, काही झालं तरी.

दर्भ वाळलेला, लगेच भडकला. खऱ्या माणसाला वेळ लागतो, हे चहाला आधण यायच्या आत संपलं. बायांनी हंबरडा फोडला, बायकोनं पोरीला जवळ घेतलं. पोरगी रडली नाही. दिवस झाले, तेरावं झालं, गाव जेवलं. पंचांनी सह्या केल्या. मी तो कागद दोन घड्या घालून तिकिटांच्या पेटीत ठेवला आणि ग्रामसेवकाकडं गेलो.

"प्रेताचा पंचनामा कुठाय?" तो म्हणाला.

"कुणाच्या प्रेताचा?"

"मयताच्या. डॉक्टरचा कागद? आहो, पुतळ्याचा मृत्यू दाखला निघतो व्हय? मी दिवस घाला म्हणलो हुतो. नोंद घेतो असं कुठं म्हणलो?"

मी त्याच्या मोटरसायकलची किल्ली काढून घेतली होती, एवढं आठवतंय. लोकांनी सोडवलं. तहसीलला गेलो तर ते म्हणाले, कोर्टातून आणा. कोर्टातला वकील म्हणाला, होईल, पण वेळ लागेल. किती? त्यानं हात हवेत हलवला. दिवाळी पुढ्यात आलेली.

शेवटी पुन्हा पहिल्या ऑफिसात गेलो. आधीचा साहेब बदलून गेला होता, जागेवर एक बाई होत्या. त्यांनी आमचे सगळे कागद एकेक करून वाचले. पंचांच्या सह्यांचा कागद वाचताना त्या थांबल्या.

"हे कशासाठी केलं?"

"बाप मेल्याचं दाखवायला."

"पण गरज काय होती? आई मयत आणि वडील बेपत्ता, असं असलं तरी मुलगी या योजनेत बसते. अनाथच पाहिजे असं कुठं आहे?"

मी म्हणलं, "बाई, पुन्यांदा बोला."

त्या पुन्हा बोलल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही आल्या आल्या अनाथ म्हणाला असाल. म्हणून त्यांनी अनाथाचे कागद सांगितले असतील. हरवल्याची पोलिसात नोंद करा, नक्कल आणून द्या, मी पुढं पाठवते. फक्त एक लक्षात ठेवा. वडील परत आले तर लगेच इथं कळवायचं. मदत बंद होते."

मी टेबलावरचे कागद गोळा करू लागलो. पोरगी बाकावर बसली होती, हाताच्या अंतरावर. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता ही फुटणार, मला चार शब्द सुनावणार. सुनावले असते तर बरं झालं असतं. ती उठली आणि बाईंना म्हणाली, "नक्कल कुठल्या पोलिसाची लागती? लातूरच्या का निलंग्याच्या?"

निलंग्याच्या ठाण्यात हवालदार वयस्कर होता, सभ्य होता. त्यानं तिला खुर्ची दिली. रजिस्टर उघडून एकेक विचारू लागला. नाव, वय, रंग. ती सांगत होती.

"उंची?"

"उंच होते."

"अंगावर काय होतं?"

"धोतर. पांढरं, नवं."

हवालदारानं लिहिलं. "शेवटचं कुठं पाहिलं?"

"तेरणेच्या काठाला."

"कधी?"

"मागल्या अमावास्येला," ती म्हणाली. "मीच पेटवलं."

हवालदाराचं पेन थांबलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याला सगळी कैफियत सांगितली, भूकंपापासून. त्यानं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला, दोन ओळी खोडल्या आणि लिहिलं, पत्र्याच्या शेडजवळ, बाजारच्या दिवशी. पोरीपुढं रजिस्टर सरकवलं. "इथं सही कर बाई. वडील बेपत्ता हायत, सापडावेत अशी विनंती."

तिनं ते वाचलं. बोटानं ओळ धरून परत वाचलं. "काका, ह्यात सापडावेत म्हणलंय."

"तसंच लिहितात गं," मी म्हणलं.

तिनं सही केली. शिक्का मारलेली नक्कल घेऊन आम्ही स्टँडवर आलो. लातूरची गाडी लागायची होती. माझ्या ओळखीचा कंडक्टर होता, त्यानं चहा पाजला. काम झालं होतं. आता मदत सुरू होणार होती, सर वर्गात घेणार होते, दिवाळीला हिला माघारी सोडायचं संकट टळलं होतं. मी तिला म्हणलं, "चला, सुटलो एकदाचे." ती कागदाची घडी घालत होती.

"काका, बाबा आले तर पैसे बंद हुतील ना?"

"हां. बाई म्हणल्या तसं."

"कॉलेज बी सुटंल."

"बघू की तेव्हाचं तेव्हा."

गाडी लागली. माणसं दाराकडं पळाली. मी सवयीनं ओरडलो, रांगेत या, रांगेत. ती जागची हलली नाही. माझी बाही धरून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "मग बारावी होईस्तोवर तरी येऊ नयेत."